काचेच्या पाटीवरची बाराखडी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



साठ वर्षांपूर्वी या शाळेत पहिला वर्ग भरला, तेव्हा मुलांच्या हाती दगडी पाटी होती आणि गुरुजींच्या टेबलावर दौत होती. मधल्या काळात टाक गेला, शाईचे पेन आले आणि तेही मागे पडले. मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका मेणकागदावर कोरून सायक्लोस्टाइल यंत्रावर काढल्या जात. ते काम पुढे संगणकाकडे गेले. आज प्रत्येक पालकाच्या खिशात काचेची एक पाटी असते. तिच्यावर पत्र लिहिता येते, पैसे देता येतात, रेल्वेचे तिकीट काढता येते आणि दूरच्या आजीशी समोरासमोर बोलताही येते.

ही पाटी मुलांनी चटकन आपलीशी केली. प्रौढ माणसाची गोष्ट निराळी आहे. अडल्यावेळी जेवढे शिकावे लागले, तेवढ्यावरच तो वर्षानुवर्षे भागवत राहतो. जे येत नाही ते मुलाकडून करून घेतो, आणि आता या वयात काय शिकायचे, असे म्हणून विषय संपवतो. प्रौढ वयात नवे तंत्र शिकावे कसे, हाच आजचा विषय आहे. विषय फार मोठा असल्यामुळे त्यासाठी एकच साधे उदाहरण घेतले आहे: फोनवर आणि संगणकावर मराठी देवनागरी लिपीत लिहिणे. हे काम क्षुल्लक वाटेल. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात त्याच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

पहिलीतले मूल शाळेत काना, मात्रा आणि वेलांटी गिरवते. जोडाक्षर जमले की त्याचा चेहरा फुलतो. घरी आल्यावर ते आईच्या फोनमध्ये डोकावते. तिथे कुटुंबाच्या गटावर आत्या, काका आणि आजोबा मराठीतच बोलत असतात, पण सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांत असतो. मुलाला त्यातून न सांगता एक धडा मिळतो, की देवनागरी ही परीक्षेपुरती लिपी आहे आणि मोठी माणसे ती वापरत नाहीत. दिवसभरात शाळेने जे शिकवले, ते संध्याकाळी घरातच पुसले जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. हाताला पडलेले वळण, एवढेच त्याचे कारण असते.

या वळणाची किंमत मात्र भाषेला मोजावी लागते. इंग्रजीतील एम, ए, एल, ए ही चार अक्षरे समोर आली, तर ती ‘मला’ अशी वाचावीत की ‘मळा’, ‘माला’ की ‘माळा’? मोठ्या माणसाला संदर्भावरून कळते, कारण हे चारही शब्द त्याच्या कानात आधीपासून असतात. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाच्या कानात ते असतीलच असे नाही. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘दिन’ आणि ‘दीन’ या जोड्या त्या लिपीत एकसारख्याच दिसतात. कर्नाटकात, गुजरातेत किंवा तामिळनाडूत राहणाऱ्या मुलाला निदान ‘ळ’चा उच्चार आजूबाजूला ऐकू येतो. हिंदी मुलखात वाढणाऱ्या मुलाला तो घराबाहेर फारसा ऐकू येत नाही, आणि घरातल्या लिखाणात दिसतही नाही. मग ते ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणू लागते आणि घरचे कौतुकाने हसतात. डोळ्यांपुढून नाहीसे झालेले अक्षर कालांतराने जिभेवरूनही जाते.

भारतीय राज्यघटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक समाजगटाला आपली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. घटनाकारांनी तिथे भाषेपाठोपाठ लिपीचाही स्पष्ट उल्लेख केला, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळा त्या हक्काच्या आधाराने उभ्या आहेत. पण हक्क कागदावर टिकतो आणि लिपी टिकते ती रोजच्या वापरात. तो वापर आता वहीपेक्षा फोनवर अधिक होतो.

मराठी माणसाने परमुलखात राहून लेखनाचे नवे तंत्र हाती घेणे, ही काही आजची घटना नाही. मराठी मुद्रणाचा आरंभच मुळी महाराष्ट्राबाहेर झाला. विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. त्यांना साहाय्य करणारे वैजनाथ पंडित मराठी होते. त्याच छापखान्यातून १८१० मध्ये निघालेल्या मराठी कोशासाठी मोडी लिपीचे खिळे वापरले गेले. इकडे तंजावरात सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तिथे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले. भोवती तमिळ भाषा असताना त्या राजाला मुलांसाठी मराठी पुस्तक छापावेसे वाटले. ज्या पंडितांची हयात बोरूने पोथ्या उतरवण्यात गेली होती, त्यांना उतारवयात शिशाच्या खिळ्यांशी जुळवून घ्यावे लागले असणार. त्या पिढ्यांनी ते शिकण्याचा कंटाळा केला नाही.

मग आजच्या सुशिक्षित पालकाचे पाऊल कुठे अडते? वेळ नाही, हे उत्तर सर्वांत आधी येते, पण खरी अडचण बहुधा लाजेची असते. कार्यालयात दहा माणसांचे काम पाहणारा गृहस्थ किंवा संपूर्ण घर समर्थपणे चालवणारी गृहिणी एक जोडाक्षर उमटवण्यासाठी पाच मिनिटे चाचपडते. ‘विठ्ठल’ लिहायला जावे आणि ‘विठठल’ उमटावे, तेही सगळ्या नातेवाइकांच्या देखत, हे नकोसे वाटते. लहान मुलाला चुकण्याची लाज नसते, कारण चुकणे हा त्याचा रोजचा व्यवसाय असतो. प्रौढ माणसाचा तो सराव सुटलेला असतो. नवे तंत्र शिकायचे तर त्याला आधी नवशिका होणे पुन्हा शिकावे लागते.

या बाबतीत पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी आयुष्य वाहिले. वैधव्य आल्यानंतर प्रौढ वयात त्यांनी अभ्यासाला आरंभ केला. पुढे १९१८ साली, वय पन्नाशीला टेकलेले असताना, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी जमवावा या हेतूने त्या अमेरिकेला गेल्या. परक्या देशात घरकाम करून त्यांनी दिवस काढले आणि ती भाषा बोलत बोलतच आत्मसात केली. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास त्यांनी सांगितला आहे. चुकीचे इंग्रजी बोलण्याची लाज त्यांनी धरली असती, तर त्यांचा प्रवास मुंबईच्या बंदरावरच संपला असता. त्यांच्यापुढच्या अडचणींच्या मानाने आजच्या पालकापुढची अडचण किती लहान आहे!

ती लहान झाली, यामागे अनेकांची खटपट आहे. देवनागरी टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या आणि जोडाक्षरे असंख्य, अशी ओढाताण होती. संगणक आल्यावर निरनिराळे फॉन्ट निघाले, पण प्रत्येकाची अंतर्गत रचना वेगळी असल्यामुळे एका संगणकावरचे मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. पुष्कळ लोकांनी त्या काळी मराठी लिहिण्याचा नाद सोडला तो कायमचाच. १९९१ मध्ये युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली आली. तिने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक दिला, आणि हळूहळू ती सर्व यंत्रांनी स्वीकारली. ‘ॲ’ हे मराठीला लागणारे अक्षर तिच्यात २००८ साली दाखल झाले. आज कोणताही साधा स्मार्टफोन मराठी दाखवतो आणि लिहूही देतो. त्यासाठी वेगळा खर्च नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी निवडली की पुरे. काही वर्षांपूर्वीच्या कटू अनुभवावर विसंबून जे दूर राहिले आहेत, त्यांनी एकदा पुन्हा प्रयत्न करून पाहावा.

लिहिण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. इंग्रजी अक्षरे दाबावीत आणि फोनने सुचवलेल्या मराठी शब्दांतून हवा तो निवडावा, हा पहिला. ज्यांचे बोट इंग्रजीला सरावले आहे त्यांना तो सोपा जातो, पण निवड डोळसपणे करावी लागते. ‘दिन’ हवा असताना ‘दीन’ निवडला जातो आणि शुभेच्छांचा अर्थ पालटतो. बोलून लिहिणे हा दुसरा मार्ग. माइकच्या चिन्हावर बोट ठेवून बोलले की अक्षरे उमटतात. थरथरणाऱ्या हातांच्या आजोबांना हा मोठा आधार आहे. पाठवण्यापूर्वी मजकूर एकदा वाचून पाहिला पाहिजे आणि विरामचिन्हे नीट केली पाहिजेत, एवढेच पथ्य. तिसरा मार्ग थेट देवनागरी कळफलकाचा. तो थोडा सराव मागतो, पण लिपीशी खरी ओळख तोच करून देतो.

संगणकावरच्या देवनागरी कळफलकाची एक प्रमाण मांडणी आहे. तिला इन्स्क्रिप्ट म्हणतात. ती बाराखडी येणाऱ्या माणसासाठीच केल्यासारखी वाटते. डाव्या हाताखाली स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ख’ येतो. ‘ग’ आणि ‘घ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ याही जोड्या अशाच एकेका कळीवर नांदतात. जोडाक्षरासाठी शाळेत शिकवलेला नियमच लागू पडतो: आधीच्या अक्षराचा पाय मोडायचा. ‘डी’च्या कळीवर हलन्ताचे चिन्ह आहे. ‘ठ’, मग हलन्त, मग पुन्हा ‘ठ’, इतके केले की ‘विठ्ठल’ निर्दोष उमटतो. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढली जाते; इथे ती अक्षरानंतर दाबायची, कारण उच्चारात ती नंतर येते आणि यंत्र उच्चाराचा क्रम पाळते. ‘जे’च्या कळीवर ‘र’ आणि शिफ्टसह खास मराठीचा ‘ऱ’ आहे. तो वापरता आला म्हणजे समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ वेगळ्या राहतात, आणि ‘आचार्यांना’ पाठवायचे निमंत्रण ‘आचाऱ्यांना’ जात नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला या मांडणीचा आणखी एक लाभ आहे. भारतातील इतर लिप्यांसाठीही इन्स्क्रिप्टची रचना तीच आहे. मराठीचा ‘क’ जिथे आहे तिथेच कन्नडचा, गुजरातीचा, तेलुगूचा आणि बंगालीचाही ‘क’ आहे. ज्या मुलाला घरची मराठी आणि राज्याची भाषा, दोन्ही लिहायच्या आहेत, त्याची बोटे एकदाच शिकतात आणि दोन्ही भाषांत चालतात. मातृभाषेसाठी घेतलेले श्रम शेजाऱ्याच्या भाषेलाही उपयोगी पडतात.

आता प्रश्न उरतो तो चिकाटीचा. हल्ली ठरावीक दिवसांच्या आत्मसुधारणेच्या संकल्पाला ‘चॅलेंज’ म्हणतात. मराठी घराला ही कल्पना नवी नाही. चातुर्मासात आजी-पणजी नेम धरीत असत. कोणी रोज अमुक ओव्या वाची, कोणी वहीत रामनाम लिही. त्या नेमात मोठे शहाणपण होते. नेम लहान असे, रोजचा असे, चारचौघांत सांगितलेला असे आणि शेवटी त्याचे उद्यापन होई. एक दिवस चुकला तर नेम सोडून न देता दुसऱ्या दिवशी तो भरून काढला जाई. देवनागरी लेखनासाठी चाळीस दिवसांचा असा नेम धरायला कोणाचीच हरकत नसावी.

पहिले दहा दिवस फोनमधल्या नावांना द्यावेत. रोज पाच-सहा नावे देवनागरीत बदलावीत: आत्या, मोठे काका, शेजारच्या कुलकर्णी वहिनी, दूधवाले भाऊ. नाव देवनागरीत असले की ते शोधतानाही देवनागरीच लिहावी लागते, आणि सराव आपोआप होतो. पुढचे दहा दिवस किराण्याची यादी फोनवर मराठीत करावी. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, कोथिंबीर, गूळ, साबुदाणा; एवढ्या यादीत ‘ळ’ येतो, ‘ण’ येतो आणि ‘ऱ’ही येतो. तिसऱ्या दहा दिवसांत कुटुंबाच्या गटावर रोज निदान एक वाक्य देवनागरीत लिहावे. आयते चित्र किंवा दुसऱ्याचा मजकूर पुढे ढकलणे या नेमात धरू नये. शेवटच्या दहा दिवसांत रोज एक परिच्छेद लिहावा, दिवसभरात घडलेल्या कोणत्याही गोष्टीवर, आणि तो पाठवण्यापूर्वी एकदा वाचावा. उद्यापन म्हणून गावाकडच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला पानभर पत्र लिहावे.

या नेमात घरातली मुले साहाय्यक होऊ शकतात, किंबहुना त्यांनी व्हावेच. मात्र येथे एक पथ्य आवश्यक आहे. आईने काही विचारले की मूल चटकन फोन हातातून घेते, चार बटणे दाबते आणि ‘झालं’ म्हणून परत देते. काम होते, पण शिकणे होत नाही. वर्गात कोणतीही शिक्षिका विद्यार्थ्याची वही ओढून घेऊन गणित स्वतः सोडवीत नाही. ती शेजारी उभी राहते आणि पुढची पायरी तोंडाने सांगते. मुलांनीही तसेच करावे. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्यावा. आजोबांचे अक्षर चुकले तर हसण्याऐवजी शुद्ध रूप पुढच्या ओळीत सहजपणे लिहावे. पालकांनी आपल्या बाजूने हातचे राखून न ठेवता ‘हे मला येत नाही, तू सांग’ असे म्हणावे. आई शिकताना दिसली, अडताना दिसली आणि तरीही पुन्हा करताना दिसली, तर अभ्यास कसा करावा हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

अशा रीतीने एक तंत्र जमले की दुसऱ्याची भीती कमी होते. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआयची सोय असो वा निवृत्तिवेतनधारकांसाठीचा जीवन प्रमाण हा हयातीचा डिजिटल दाखला असो, पद्धत तीच: छोटी पायरी, रोजचा सराव आणि केवळ बटण पाठ करण्याऐवजी त्यामागचे कारण समजून घेणे. कारण समजलेला माणूस सहसा फसत नाही. यूपीआयचा पिन खात्यातून पैसे जाताना लागतो, पैसे येताना लागत नाही, एवढे पक्के उमगलेल्या आजीला कोणी ‘बक्षीस घेण्यासाठी पिन टाका’ असे सांगितले, तर ती शांतपणे फोन ठेवून देईल. जिला फक्त बटणांचा क्रम माहीत आहे, ती गोंधळेल.

माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे एक विशेष मागणे आहे. शाळेतल्या आठवणी, शिक्षकांची शब्दचित्रे आणि आपापल्या व्यवसायातले अनुभव त्यांनी स्वतःच्या बोटांनी देवनागरीत लिहून शाळेला पाठवावेत. शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी चालतील. त्या तपासून देणे हे शाळेचे जुनेच काम आहे. ज्या मुलांनी इथे पाटीवर ‘अ’ गिरवला, त्यांची पानेच या शाळेच्या पुढच्या विद्यार्थ्यांचे वाचन ठरतील. परगावी, परदेशी असलेल्या विद्यार्थ्यांची मुले कदाचित मराठी शाळेत जात नसतील. त्यांच्यापुढे तर आईवडिलांच्या फोनवरची देवनागरी हीच एकमेव मराठी शाळा असणार आहे.

आज संध्याकाळी या मेळाव्याची छायाचित्रे घरोघरीच्या गटांवर जातील. त्यांच्याखाली कोण कोण भेटले, कोणत्या बाकाची आठवण झाली, हे दोन ओळींत देवनागरीत लिहावे. वेळ लागेल, एखादे जोडाक्षर दगा देईल, कोणीतरी चूकही दाखवील. चाळीस दिवसांच्या नेमातला तो पहिला दिवस धरावा.